चार सेटिंग साठवायला डेटाबेस कशाला?

क्रोम ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरात डोकावलं तर दोन फाइली शेजारी शेजारी सापडतात. एकीचं नाव ‘प्रेफरन्सेस’. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि आत जेसन, म्हणजे नाव-मूल्याच्या जोड्या लिहायच्या ठरलेल्या पद्धतीतला, मजकूर असतो. दुसरी ‘हिस्टरी’, आणि ती एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा, डेटाबेस आहे. फायरफॉक्समध्येही अशीच वाटणी दिसते: वापरणाऱ्याने बदललेल्या सेटिंग ‘प्रेफ्स डॉट जेएस’ या मजकुराच्या फाइलीत, आणि पाहिलेली पानं ‘प्लेसेस डॉट एसक्यूलाइट’मध्ये. डेटाबेस हाताशी तयार असूनही या मंडळींनी सेटिंग त्यात कोंबलेल्या नाहीत.

दोन्ही माहितींचा वापरच वेगळा आहे. हिस्टरीत हजारो नोंदी असतात. त्यांत शोधायचं असतं, क्रम लावायचा असतो, मधलीच एखादी पुसायची असते. सेटिंग दहा-वीस, फार तर काही शे. प्रोग्राम सुरू होताना त्या सगळ्या एकदम वाचायच्या, मेमरीत ठेवायच्या आणि बदल झाला की सगळ्या एकदम लिहायच्या. एवढ्यासाठी टेबल, क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) आणि स्कीमा (टेबलांची रचना) यांचा संसार मांडायची गरज नाही. एक मजकुराची फाइल पुरते.

मात्र ‘जेसन फाइलीत टाकून द्या’ म्हणणारे अर्धंच सांगतात. वाचणं-लिहिणं दोन-चार ओळींत होतं हे खरं, पण त्या ओळींच्या आजूबाजूला बरंच काही बिघडू शकतं. फाइल कुठे ठेवली, अर्धवट लिहिली गेली तर काय, आणि आत भलतंच काही निघालं तर काय, या तीन प्रश्नांत खरं काम आहे. पुढचं उदाहरण पायथनमधल्या एका लहान डेस्कटॉप एडिटरचं धरू. सेटिंग मोजक्याच: अक्षरांचा आकार, रंगसंगती, शेवटचं उघडलेलं फोल्डर, खिडकीची जागा.

डीफॉल्ट कोडमध्ये, फरक फाइलीत

डीफॉल्ट मूल्यं कोडमध्ये एका डिक्शनरीत (नावावरून मूल्य देणाऱ्या पायथनच्या यादीत) लिहा. फाइलीत फक्त वापरणाऱ्याने बदललेलं तेवढंच ठेवा. प्रोग्राम सुरू झाला की डीफॉल्टची प्रत घ्यायची आणि फाइलीतली मूल्यं तिच्यावर चढवायची. फायरफॉक्सची फाइल याच पद्धतीने चालते, व्हीएस कोडची ‘सेटिंग्ज डॉट जेसन’सुद्धा.

सगळ्याच सेटिंग फाइलीत उतरवल्या तर फटका पुढच्या आवृत्तीत बसतो. समजा डीफॉल्ट आकार १२ होता आणि लोकांना तो बारीक वाटतो म्हणून तुम्ही १४ केला. पण जुन्या प्रत्येक संगणकावर फाइलीत १२ लिहिलेलंच आहे. तो आकडा कुणी मुद्दाम निवडला होता की आपोआप लिहिला गेला होता, हे कळायला आता मार्ग नाही. फरक तेवढाच साठवला असता, तर ज्यांनी आकाराला हातच लावला नाही त्यांना नवं डीफॉल्ट आपसूक मिळालं असतं.

इथे पायथनवाल्यांचा नेहमीचा एक घोटाळा होतो. ‘फाइलीतलं मूल्य घे, नसेल तर डीफॉल्ट’ हे ‘ऑर’ वापरून लिहिलं, की शून्य आणि ‘फॉल्स’ ही दोन्ही मूल्यं ‘नसल्यात’ जमा होतात. वापरणारा ऑटोसेव्ह बंद करतो, प्रोग्राम पुन्हा उघडतो, आणि ऑटोसेव्ह चालूच! नाव डिक्शनरीत आहे की नाही हे ‘इन’ने तपासा, मूल्याच्या खरेखोटेपणावर जाऊ नका.

फाइल कुठे ठेवायची

प्रोग्रामशेजारी ठेवू नका. स्वतःच्या संगणकावर ते छान चालतं, म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. विंडोजवर प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये गेला की साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. काही जुन्या धाटणीच्या ३२-बिट प्रोग्रामांचं लेखन तर विंडोज गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं, मग फाइल एका ठिकाणी दिसते आणि वाचली जाते दुसरीच. पायइन्स्टॉलरने एकाच फाइलीत बांधलेल्या प्रोग्रामची तऱ्हा आणखी निराळी. तो दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो आणि बंद होताना ते फोल्डर पुसलं जातं. स्क्रिप्टच्या शेजारची जागा म्हणून तिथे लिहिलेल्या सेटिंगही त्याच्यासोबत जातात.

नुसतं फाइलीचं नाव देणं त्याहून फसवं. तसं केलं की फाइल ‘चालू फोल्डरात’ तयार होते, आणि चालू फोल्डर कोणतं हे प्रोग्राम कुठून सुरू केला यावर ठरतं. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडला तर एक फाइल, टर्मिनलमधून उघडला तर दुसरी. ‘कधी सेटिंग राहतात, कधी जातात’ अशी तक्रार आली की आधी हे तपासा.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमने यासाठी जागा नेमून दिलेली आहे. विंडोजवर वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात ‘रोमिंग’ किंवा ‘लोकल’. कार्यालयाच्या नेटवर्कवर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलं तरी सोबत यावं असं ते रोमिंगमध्ये, आणि खिडकीची जागा वगैरे त्या संगणकापुरतं ते लोकलमध्ये. मॅकवर होम फोल्डरातल्या ‘लायब्ररी’मध्ये ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’. लिनक्सवर एक्सडीजी या डेस्कटॉपच्या फोल्डरांबद्दलच्या नियमानुसार होममधलं ‘डॉट कॉन्फिग’, पण वापरकर्त्याने ‘एक्सडीजी कॉन्फिग होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमकडून प्रोग्रामला मिळणारं मूल्य) ठरवलं असेल तर आधी त्याचा मान. हे सगळं हाताने लिहायचं नसेल तर ‘प्लॅटफॉर्मडिर्स’ ही लहान लायब्ररी योग्य पत्ता काढून देते. विंडोजवर ती लेखकाचं नाव न दिल्यास प्रोग्रामच्या नावाचं फोल्डर दोनदा, एकात एक, घालते. ते नको असेल तर लेखकाच्या जागी ‘फॉल्स’ द्या. आणि फोल्डर आधीपासून असेल असं गृहीत धरू नका. पहिल्यांदा ते तुम्हालाच बनवायचं असतं.

कोणत्या रूपात लिहायचं

```
{
  "आवृत्ती": 2,
  "अक्षर_आकार": 16,
  "रंगसंगती": "गडद",
  "शेवटचं_फोल्डर": "दप्तर/हिशेब"
}
```

हे जेसन. नावं देवनागरीत असली तरी नियमाला धरून आहे. प्रत्यक्ष कोडमध्ये ती बहुधा इंग्रजीत असतील, तोही हरकतीचा मुद्दा नाही. जेसनचा मोठा फायदा म्हणजे आकडा आकडाच राहतो आणि हो-नाही हे हो-नाहीच राहतं. तोटा असा की त्यात टिपण लिहिता येत नाही आणि शेवटचा एक स्वल्पविराम जास्तीचा पडला तरी पूर्ण फाइल नापास होते. विंडोजचा पत्ता कुणी हाताने भरताना उलट्या तिरक्या रेघा एकेरीच ठेवल्या तरी तेच. त्या दुहेरी लिहाव्या लागतात किंवा सरळ तिरकी रेघ वापरावी लागते. आणखी एक बारीक गोष्ट: पायथनचा टपल (न बदलता येणारी यादी) जेसनमध्ये जाऊन परत येतो तो लिस्ट होऊन. खिडकीची जागा टपलमध्ये ठेवून जुनी-नवी तुलना केलीत, तर दोन्ही सारख्या असूनही उत्तर ‘वेगळ्या’ असं येईल.

आयएनआय (ओळीमागून ओळ ‘नाव = मूल्य’ अशी फाइल) हाताने बदलायला सोपी, पण तिच्यात सगळंच मजकूर असतं. ‘फॉल्स’ हा शब्दसुद्धा भरलेली स्ट्रिंग असल्यामुळे ‘बूल’मध्ये घातला की ‘ट्रू’ होतो. पायथनच्या कॉन्फिगपार्सरमध्ये यासाठी ‘गेट बूलियन’ आहे, तेच वापरा. तो सेटिंगची इंग्रजी नावं लहान अक्षरांत बदलतो, मूल्यातल्या टक्केवारीच्या चिन्हाला खास अर्थ देतो आणि फाइल पुन्हा लिहिताना लोकांनी घातलेली टिपणं गाळतो. टॉमल ही आयएनआयसारखी दिसणारी, पण मूल्याचा प्रकार जपणारी पद्धत वाचायला छान. पायथन ३.११ पासून ‘टॉमललिब’ सोबतच येतं, पण ते फक्त वाचतं. लिहायला वेगळी लायब्ररी घ्यावी लागते. म्हणून माणसाने लिहायची फाइल असेल तर टॉमल, आणि प्रोग्रामने लिहायची असेल तर जेसन, असा आमचा कौल.

पिकल (पायथनच्या वस्तू जशाच्या तशा फाइलीत उतरवायची सोय) मात्र नको. ती फाइल वाचताना आत दडवलेला कोड चालू शकतो, आणि सेटिंगची फाइल लोक एकमेकांना बिनदिक्कत पाठवत असतात.

लिहिताना फाइल कशी मरते

बहुतेक ठिकाणी असा कोड दिसतो: फाइल लिहिण्यासाठी उघडा, जेसन डंप करा, बंद करा. यातल्या पहिल्याच पायरीला जुनी फाइल रिकामी होते. नवं अजून लिहिलेलं नाही आणि जुनं गेलेलं आहे. या फटीत वीज गेली, डिस्क भरली किंवा प्रोग्राम कोसळला की हाती शून्य बाइटची किंवा अर्धी फाइल उरते.

त्यासाठी वीजच जायला हवी असंही नाही. सेटिंगच्या डिक्शनरीत चुकून पाथ प्रकारची वस्तू राहिली, तर जेसन डंप अर्ध्यापर्यंत लिहून ‘हे मला लिहिता येत नाही’ म्हणून थांबतं. तोवर जुनी फाइल पुसलेली असते. म्हणजे साधा टाइप एरर आला आणि वापरणाऱ्याच्या सगळ्या सेटिंग उडाल्या.

बरोबर क्रम असा आहे:

१. आधी पूर्ण मजकूर मेमरीत स्ट्रिंग म्हणून तयार करा. चूक व्हायची तर इथेच होऊ दे, फाइलीला अजून कुणी हात लावलेला नाही.

२. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाची नवी फाइल उघडून त्यात तो लिहा.

३. ‘फ्लश’ करा आणि मग ‘एफसिंक’. पहिल्याने मजकूर पायथनकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, दुसऱ्याने सिस्टिमकडून डिस्कवर.

४. ‘ओएस रिप्लेस’ने तात्पुरती फाइल खऱ्या नावावर आणा.

नाव बदलणं हे एका झटक्यात होतं: वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी, मधली अवस्था दिसत नाही. पण हे एकाच फाइलसिस्टिमच्या आत खरं आहे. तात्पुरती फाइल सिस्टिमच्या टेम्प फोल्डरात केली आणि ते दुसऱ्या पार्टिशनवर निघालं, तर नाव बदलण्याऐवजी एरर मिळतो. ‘ओएस रिनेम’ इथे चालत नाही, कारण विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असली की तो अडतो.

‘एफसिंक’ गाळायचा मोह होतो, कारण तो हळू असतो. २००९ मध्ये लिनक्सवर ईएक्सटी४ नवी आली तेव्हा याच पायरीवरून मोठा वाद झाला. ती फाइलसिस्टिम मजकूर डिस्कवर उतरवायला बराच वेळ थांबायची. मधे संगणक अडकला की जुनी फाइल गेलेली आणि नवी शून्य बाइटची, असं डेस्कटॉपच्या सेटिंगच्या बाबतीत लोकांना दिसलं. ईएक्सटी४चे मुख्य विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की मजकूर डिस्कवर गेल्याची खात्री हवी असेल तर प्रोग्रामने ‘एफसिंक’ मागितलाच पाहिजे. पुढे नाव बदलून फाइल बदलण्याच्या या पद्धतीसाठी ईएक्सटी४मध्ये खास सोय झाली, तरी प्रत्येक फाइलसिस्टिम तशी उदार असेलच असं नाही. काही किलोबाइटच्या फाइलीला ‘एफसिंक’ परवडतो.

विंडोजवर चौथ्या पायरीला अधूनमधून परवानगी नाकारल्याचा एरर येतो. अँटिव्हायरस किंवा बॅकअपचा प्रोग्राम नेमकी त्याच क्षणी ती फाइल धरून बसलेला असतो. शंभरेक मिलिसेकंद थांबून दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न केला की बहुधा निभावतं. लिनक्सवरचा वेगळा त्रास: काही लोक आपली कॉन्फिग फाइल दुसऱ्या फोल्डरात ठेवून इथे नुसती सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) देतात. रिप्लेस त्या सिमलिंकलाच पुसून खरी फाइल बसवतो. आधी ‘रिअलपाथ’ने मूळ पत्ता शोधून तिथे लिहिलं की हे टळतं. खिडक्या-बटणं बनवायची क्यूट लायब्ररी वापरत असाल तर यातला बराच भाग ‘क्यूसेव्हफाइल’ करून देतो.

किती वेळा लिहायचं? स्लायडर सरकताना प्रत्येक टप्प्याला लिहू नका. शेवटच्या बदलानंतर अर्धा सेकंद शांतता गेली की एकदा लिहा, आणि बंद होताना उरलेलं लिहा. फक्त बंद होतानाच लिहिणारे प्रोग्राम मात्र क्रॅश झाला की दिवसभराचे बदल घालवतात.

वाचताना भरवसा ठेवू नका

फाइल नाही, फाइल मोडकी आहे आणि फाइल उघडता येत नाही, हे तीन वेगळे प्रसंग आहेत. सगळ्यांना एकाच ‘एक्सेप्ट’मध्ये गुंडाळलं की पुढे नुकसान होतं.

फाइल नसेल तर प्रोग्राम पहिल्यांदाच चालतो आहे. गुपचूप डीफॉल्ट घ्या. मोडकी असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, डीफॉल्टने सुरू करा आणि वापरणाऱ्याला एका ओळीत सांगा. बाजूला ठेवणं महत्त्वाचं, कारण नाहीतर पुढच्या सेव्हला तुम्हीच ती पुसाल, आणि कदाचित त्यात एक स्वल्पविरामच जास्तीचा होता. उघडायची परवानगी नसेल तर डीफॉल्टने चाला, पण त्या वेळेपुरतं लिहिणं बंद ठेवा.

जेसन नीट वाचलं गेलं म्हणजे आतलं बरोबर आहे असं नाही. अक्षरांचा आकार ८ ते ७२ मध्ये आहे का? रंगसंगतीचं नाव तुमच्या यादीतलं आहे का? फोल्डर अजून अस्तित्वात आहे का, की पेनड्राइव्हवरचं होतं? खिडकीची जागा तर हमखास छळते: दुसरा मॉनिटर काढून टाकला की खिडकी आता नसलेल्या पडद्यावर उघडते, आणि माणूस म्हणतो की प्रोग्राम सुरूच होत नाही. उघडण्याआधी ती जागा आत्ताच्या कोणत्या तरी पडद्यावर येते का ते पाहा. पायथनमध्ये आकडा तपासताना ‘ट्रू’सुद्धा पूर्णांक म्हणून पास होतो, त्याला वेगळं हुसकावावं लागतं.

तपासणी प्रत्येक सेटिंगची स्वतंत्र असू द्या. एक मूल्य चुकलं म्हणून बाकीची टाकून द्यायची नाहीत. आणि जे नाव ओळखीचं नाही ते लिहिताना तसंच परत लिहा. कुणी नवी आवृत्ती वापरून पुन्हा जुनीवर आला असेल, तर त्याच्या नव्या सेटिंग जुन्या प्रोग्रामने खाऊन टाकू नयेत.

वरच्या नमुन्यातला ‘आवृत्ती’चा आकडा नवी सेटिंग आली म्हणून वाढवायचा नसतो, त्याला डीफॉल्ट पुरेसं आहे. जुन्या नावाचा अर्थच बदलला, उदाहरणार्थ आकार पिक्सेलमध्ये होता तो पॉइंटमध्ये केला, तेव्हाच वाढवायचा आणि जुन्याचं नव्यात रूपांतर करणारं लहान फंक्शन लिहायचं.

देवनागरीची खास भानगड

पायथनचं जेसन डंप मुळात आस्कीत, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-अंक-चिन्हांत, लिहितं. ‘पुणे’ या शब्दातल्या चार चिन्हांची प्रत्येकी सहा अक्षरांची सांकेतिक खूण होते आणि फाइलीत चोवीस अक्षरांचा न वाचता येणारा ठोकळा दिसतो. प्रोग्रामला ते चालतं, माणसाला नाही. म्हणून ‘एन्शुअर आस्की’ला ‘फॉल्स’ द्यायचं. पण तेवढंच केलं आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ असं सांगितलं नाही, तर विंडोजवर बऱ्याचदा सीपी१२५२ हे जुनं एन्कोडिंग धरलं जातं. त्यात देवनागरी नाहीच, आणि प्रोग्राम एरर देऊन पडतो. लिहिताना आणि वाचताना, दोन्हीकडे एन्कोडिंग लिहा. कुणी जुन्या नोटपॅडमधून फाइल सेव्ह केली असेल तर सुरुवातीला बीओएमची (एन्कोडिंग सांगणारी) अदृश्य खूण असते. वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की खूण असो वा नसो, दोन्ही चालतं.

यापेक्षा छुपा बग अंकांचा आहे. जावास्क्रिप्टमध्ये ‘टू लोकेल स्ट्रिंग’ला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं की आकडा ‘१६’ असा देवनागरीत येतो. पडद्यावर तो हवाच. पण तीच स्ट्रिंग साठवली आणि उद्या ‘नंबर’ने वाचली की ‘एनएएन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. अँड्रॉइडवरही फोनची भाषा मराठी असेल तर ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ देवनागरी अंक देऊ शकतं. साठवण्यासाठी फॉरमॅट करताना ‘लोकेल रूट’ सांगायचं. पायथनचा ‘इंट’ देवनागरी अंक निमूट वाचतो, त्यामुळे तिथे हा बग दिसतच नाही. जेसनच्या नियमात मात्र आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. साठवताना आकडा आकडा म्हणूनच ठेवा, आणि मराठी रूप फक्त दाखवताना द्या.

ब्राउझर आणि फोन

वेबपानासाठी ‘लोकलस्टोरेज’ आहे. एका साइटला साधारण ५ एमबी जागा मिळते आणि फक्त स्ट्रिंग साठते, त्यामुळे ‘फॉल्स’ परत येतो तो ‘फॉल्स’ हा शब्द बनून, आणि अटीत तो खरा ठरतो. प्रत्येक मूल्य जेसन करून ठेवणं आणि जेसन म्हणून वाचणं हाच उपाय. खाजगी खिडकी बंद झाली की ते सगळं जातं. अँड्रॉइडची ‘शेअर्डप्रेफरन्सेस’ आतून एक्सएमएल फाइलच आहे: ‘अप्लाय’ मेमरीत लगेच बदलतो आणि डिस्कवर मागाहून लिहितो, ‘कमिट’ डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबवून ठेवतो. नव्या कामासाठी गूगल ‘डेटास्टोअर’ सुचवतं. आयफोनवर ‘यूजरडीफॉल्ट्स’.

पासवर्ड आणि टोकन यांतल्या कशातच नको. त्यासाठी विंडोजचं क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅकचं कीचेन आणि लिनक्सची सीक्रेट सर्व्हिस आहे. पायथनच्या ‘कीरिंग’ लायब्ररीतून तिन्हींशी बोलता येतं.

एकच प्रोग्राम दोनदा उघडला असेल तर शेवटी लिहिणारा जिंकतो आणि पहिल्याचा बदल पुसतो. लिहिण्याआधी फाइल पुन्हा वाचून आपण बदललेली तेवढीच नावं तिच्यावर चढवली की बरंचसं भागतं. एवढ्याने भागत नसेल, दोन प्रोग्रामांना सतत लिहायचं असेल किंवा ‘अलीकडच्या फाइली’ची यादी हजारांत जाऊन तिच्यात शोधावं लागत असेल, तर तो भाग सेटिंग राहिलेला नाही. तो एसक्यूलाइटमध्ये हलवा. पायथनसोबत ते येतंच, वेगळा सर्व्हर लागत नाही.

प्रोग्राम लोकांना देण्याआधी हे करून बघा: फाइल पुसून उघडा, रिकामी करून उघडा, मधोमध कापून उघडा. आकाराच्या जागी ‘मोठा’ असा शब्द घाला. फोल्डर रीड-ओन्ली करा. विंडोजवर मराठी नावाचं नवं खातं बनवा, म्हणजे फाइलीच्या पत्त्यातच देवनागरी येईल, आणि त्या खात्यातून प्रोग्राम चालवा.